अंगठ्याशेजारचा साक्षीदार

टपाल खात्याने मनीऑर्डरचे काम १८८० साली हाती घेतले. वाशीम तेव्हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. (१९०५ मध्ये तो अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला, १९९८ मध्ये पुन्हा वेगळा निघाला.) बाहेरगावी गेलेल्या मुलाने पाठवलेले पैसे रिसोड-मानोऱ्याकडच्या खेड्यात पोस्टमन आणून देई. म्हातारीला लिहिता येत नसेल तर ती अंगठा उठवी. पण तेवढ्याने भागत नसे. साक्षीदाराची सही लागे, आणि ती पोस्टमनची चालत नसे. पुष्कळदा ती शाळेतल्या गुरुजींची असे. गुरुजी सही करीत; नोटा मोजून घेई ती म्हातारीच.

पुढे एसटीडी बूथ आले, तेव्हाही नंबर लावून देणारे माणूस जवळ असे. मोबाइलने ते हटवले. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर पैशाचा व्यवहारही एकट्याच्या तळहातावर आला. पिनचे आकडे बरोबर आहेत की नाहीत, एवढेच यंत्र तपासते. ते कोणाच्या धाकाने दाबले हे त्याला कळत नाही. 'डिजिटल अटके'ची भीती घालणारा ठग म्हणूनच आधी बजावतो : फोन ठेवू नका, घरात कोणाला सांगू नका.

आमच्या मते, वृद्धांकडून तांत्रिक शब्द पाठ करून घेण्यापेक्षा साक्षीदार पुन्हा नेमावा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे त्यांना ठाऊक हवे. बाकी, शंका येताच फोन ठेवून कोणाला विचारायचे ते आधीच ठरलेले असावे. पिन मात्र त्यालाही सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर त्याने लगेच १९३० हा क्रमांक लावून द्यावा; रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी कळवले तर बँकेला ती अडवता येते.