गोल्ड कोस्टचे माजी सैनिक
दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात लढलेले गोल्ड कोस्टचे (आजचा घाना) सैनिक २८ फेब्रुवारी १९४८ रोजी निवृत्तिवेतनाची गाऱ्हाणी घेऊन अक्रा येथील गव्हर्नरच्या निवासस्थानाकडे निघाले. हाती शस्त्र नव्हते, अर्ज होता. वाटेत पोलीस अधिकाऱ्याच्या गोळ्यांनी तिघे माजी सैनिक ठार झाले आणि शहर पेटले. असंतोषाचे खरे कारण महागाई व रोगट कोकोझाडांची सक्तीची तोड हे होते, बहुतेक सैनिक निमूटपणे गावी परतले होते, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्तच आहे. मात्र ब्रिटिश साम्राज्यासाठी लढलेल्यांवरच गोळी चालल्यावर राजनिष्ठेची भाषा पोकळ ठरली. या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉटसन आयोगाने घटनात्मक सुधारणा सुचवल्या. १९५१ ची निवडणूक स्वातंत्र्यचळवळीचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी तुरुंगातून जिंकली आणि ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला.