खेळाडूची उघडी वही : ऑनलाइन खेळांतील पदके आणि आकडेवारी

ऑनलाइन खेळ खेळणाऱ्याची नोंद दोन वह्यांत होत असते. पहिलीत पदके असतात. ठरावीक टप्पा गाठला, अवघड शत्रूला हरवले किंवा एखादी लपलेली जागा शोधली की खेळ आपणहून एक चिन्ह बहाल करतो. खेळाडूंच्या बोलीत त्याला ‘अचीव्हमेंट’ किंवा ‘ट्रॉफी’ म्हणतात. दुसऱ्या वहीत निव्वळ आकडे असतात : किती सामने खेळले, किती जिंकले, किती तास घालवले. पहिली वही खेळाडूचा उत्साह टिकवण्यासाठी, तर दुसरी प्रामुख्याने त्याच्या तोडीचे प्रतिस्पर्धी शोधण्यासाठी. मात्र या वह्या अनोळखी माणसांना वाचण्यास खुल्या झाल्या, तेव्हापासून त्यांचा उपयोग बदलला. आता अनेक कंपन्या त्या अंशतः मिटू लागल्या आहेत.

पदकांची कल्पना इंटरनेटच्या प्रसाराहून जुनी आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ॲक्टिव्हिजन ही कंपनी टीव्हीच्या पडद्यावरील गुणसंख्येचे छायाचित्र टपालाने पाठवणाऱ्या खेळाडूस कापडी बिल्ला देत असे. तो शर्टावर शिवला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसे, एवढीच त्याची प्रसिद्धी. नोव्हेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० बाजारात आले आणि त्यासोबत ‘गेमरस्कोअर’ आला. मोठ्या खेळाला मुळात १,००० गुण ठरलेले असत आणि सर्व खेळांतील गुणांची बेरीज खेळाडूच्या नावाशेजारी दिसे. नवे होते ते हेच : निरनिराळ्या खेळांतील कामगिरी एका आकड्यात मावली आणि तो आकडा सर्वांसमोर आला. २००७ मध्ये स्टीमने आणि २००८ मध्ये प्लेस्टेशनने हीच वाट धरली. प्लेस्टेशनच्या ट्रॉफी कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा आहेत.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ऑक्टोबर २००८ मध्ये पदके आली. तेथे कठीण मोहिमांना मोठे गट लागतात आणि ते बहुधा अनोळखी लोकांचेच जमतात. लवकरच गटप्रमुख प्रवेशापूर्वी ती मोहीम फत्ते केल्याचे पदक मागू लागले. नोकरीच्या जाहिरातीतील ‘अनुभव आवश्यक’ या अटीसारखाच हा पेच : मोहिमेत गेल्याखेरीज पदक नाही आणि पदकाखेरीज मोहिमेत जागा नाही.

आकड्यांनी खेळ कसा बदलतो, याचे ठळक उदाहरण ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’चे आहे. त्यात १५ विरुद्ध १५ रणगाड्यांची लढत होते. इतक्या मोठ्या संघात एका खेळाडूचा निकालावरील प्रभाव थोडाच असतो, त्यामुळे विजयाची टक्केवारी अतिशय सावकाश हलते. शिवाय बरोबरी कोणाच्याच विजयात मोजली जात नसल्याने सर्वसाधारण खेळाडूची टक्केवारी ५० च्या किंचित खालीच राहते. ही मर्यादा ओळखून खेळाडूंनी स्वतःच ‘डब्ल्यूएन-८’ नावाचे सूत्र रचले. एखाद्या रणगाड्याकडून किती नुकसान अपेक्षित आहे आणि खेळाडूने प्रत्यक्षात किती केले, याची तुलना हा त्याचा गाभा. ‘एक्सव्हीएम’ नावाची पूरक प्रणाली हे गुण लढाई चालू असतानाच प्रत्येकाच्या नावापुढे रंगाने दाखवू लागली : कच्च्या खेळाडूला लाल, उत्कृष्टाला जांभळा.

परिणाम व्हायचा तोच झाला. जांभळ्या नावांवर शत्रूच्या तोफा आधी वळू लागल्या. लाल नावांच्या वाट्याला स्वपक्षाच्याच शिव्या आल्या. सूत्रात नुकसानीला वजन असल्याने काही जण मोक्याची जागा राखण्याऐवजी मागे थांबून गुण वेचू लागले. नवशिकेपणातील हजारो वाईट लढती सरासरीला कायमच्या चिकटतात, म्हणून कित्येकांनी जुने खाते सोडून नव्याने आरंभ केला. कौशल्य मोजण्यासाठी घडवलेले सूत्र असे अखेर सूत्रासाठीच खेळायला शिकवू लागले.

बक्षिसाचा मनावरील परिणाम मानसशास्त्रात पूर्वीच तपासला गेला आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधी सांगितलेली मुले पुढे आपणहून चित्रे काढण्यात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ घालवू लागली. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्यांत ही घट दिसली नाही. चित्रकलेचा हा निष्कर्ष खेळांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही खेळांतील बहुतेक पदकांची यादी खेळाडूला आधीच वाचायला मिळते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आकड्याला मान आला की त्याचा बाजारही येतो. पैसे घेऊन दुसऱ्याचे खाते वरच्या श्रेणीत नेण्याच्या व्यवहारास ‘बूस्टिंग’ म्हणतात. दक्षिण कोरियाने २०१९ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने हा व्यवसाय गुन्हा ठरवला. त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

कंपन्यांची माघार २०१८ पासून ठळकपणे दिसते. त्या वर्षी ‘ओव्हरवॉच’ने खेळाडूंची माहिती मुळातच खासगी केली. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ने २०२२ मध्ये एकेरी-दुहेरी मानांकन लढतींत पात्र निवडीच्या वेळी सहकाऱ्यांची नावे झाकली, जेणेकरून आकडे चाळून कोणी सामना सोडू नये. स्टीमनेही एप्रिल २०१८ मध्ये खेळाडूंच्या खेळांची यादी सुरुवातीपासूनच लपलेली ठेवली. पण माहिती वेगळ्याच फटीतून बाहेर आली. स्टीम प्रत्येक पदक किती टक्के खेळाडूंना मिळाले ते जाहीर करीत असे आणि मूळ विदेत ती टक्केवारी कितीतरी दशांश स्थळांपर्यंत असे. १४.२८५७१४… ही टक्केवारी दिसली, तर सातांपैकी एक हा अपूर्णांक ओळखता येतो. तसेच अनेक पदकांचे अपूर्णांक जुळवून खेळाडूंची एकूण संख्या काढता येई. जुलै २०१८ मध्ये ही युक्ती उघड झाल्यावर स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हने आकड्यांची दशांश स्थळे कमी करून ती फट बुजवली.

भारतात या प्रश्नाला वयाची बाजू आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे. तिची विदा वापरण्यास पालकांची पडताळण्याजोगी संमती लागते, आणि काही अपवाद वगळता मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास मनाई आहे. खेळांतील गुणतक्त्यांचा मात्र कायद्यात वेगळा उल्लेख नाही. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’सारख्या खेळात नव्या सोबत्याला गटात घेण्यापूर्वी आजही त्याची ‘केडी’, म्हणजे एका मृत्यूमागे टिपलेल्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी, विचारली जाते; आणि ती लपवणाऱ्याकडे बहुधा संशयानेच पाहिले जाते.