दुर्बिणीद्वारे पोटाच्या शस्त्रक्रियेतील कवटीअंतर्गत दाबाचे छेदविरहित मापन

दुर्बिणीद्वारे पोटाची शस्त्रक्रिया (लॅप्रोस्कोपी) चालू असताना कवटीला छिद्र न पाडता मेंदूभोवतीच्या दाबाचा बाहेरून अंदाज घेण्याच्या पद्धतींना कवटीअंतर्गत दाबाचे छेदविरहित मापन असे म्हणतात. डोळ्याच्या सोनोग्राफीने दृक्‌चेतेच्या आवरणाचा व्यास मोजणे ही त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत होय. 'मापन' हा शब्द रूढ झाला असला, तरी या पद्धतींनी दाब प्रत्यक्ष मोजला जात नाही. दाब वाढल्यामुळे शरीरात उमटणाऱ्या खुणा मोजल्या जातात.

पार्श्वभूमी

जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. पुढे पित्ताशय, आंत्रपुच्छ, गर्भाशय, प्रोस्टेट ग्रंथी अशा अनेक अवयवांच्या शस्त्रक्रिया याच मार्गाने होऊ लागल्या. लहान छेद, कमी वेदना आणि लवकर घरी जाता येणे हे लाभ सर्वपरिचित आहेत. मात्र पोटात काम करण्यास जागा व्हावी म्हणून तेथे कार्बन डायऑक्साइड वायू भरावा लागतो आणि त्याचा परिणाम पोटापुरता राहत नाही.

दाब वाढण्याची कारणे

प्रौढ माणसाची कवटी ही ताणली न जाणारी पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मस्तिष्क-मेरुद्रव हे तीन घटक असतात. एकाचे आकारमान वाढले, तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. ती सोडणे अशक्य झाले की दाब वाढतो. अलेक्झांडर मन्रो (१७८३) आणि जॉर्ज केली (१८२४) यांच्या नावाने हा सिद्धान्त ओळखला जातो. उताण्या स्थितीत हा दाब साधारणपणे ७ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो. तो २० ते २२ च्या वर टिकून राहिला, तर उपचारांची गरज भासते.

पोटात वायू सामान्यतः १२ ते १५ मिलिमीटर पारा दाबाने भरतात. हा दाब जसाच्या तसा डोक्यात पोहोचत नाही. पण श्वासपटल वर ढकलले जाते, छातीतील दाब वाढतो आणि डोक्याकडून हृदयाकडे परतणाऱ्या अशुद्ध रक्ताला अडथळा होतो. कमरेच्या मणक्यांभोवतीच्या नीलाही फुगतात. त्याच वेळी पोटातून शोषला गेलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात मिसळतो. त्याने मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीतील रक्ताचे आकारमान वाढते. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे डोके खाली व पाय वर ठेवतात. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या प्रोस्टेट शस्त्रक्रियेत हा उतार २५ ते ४५ अंशांपर्यंत असतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत डोके उलट वर असते, म्हणून तेथे ही अडचण सौम्य राहते.

निरोगी माणसाचे शरीर हा बदल बहुधा सहज सोसते. खरा धोका असतो तो मेंदूत गाठ असलेल्या, डोक्याला इजा झालेल्या किंवा मेंदूतील पाणी पोटात सोडणारी नळी बसवलेल्या रुग्णांना. जागा रुग्ण डोकेदुखी सांगतो, त्याला उलटी होते, गुंगी येते. भुलीखालचा रुग्ण यांतले काहीच दाखवू शकत नाही. मेंदूच्या पोकळीत नळी घालून दाब मोजणे ही प्रमाण पद्धत आहे. परंतु तिच्यात रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचे भय असल्याने केवळ पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ती वापरणे समर्थनीय ठरत नाही.

दृक्‌चेतेच्या आवरणाची सोनोग्राफी

दृक्‌चेता हा एका अर्थी मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. मेंदूवरील आवरणे तिच्याभोवतीही असतात आणि त्यांमधील पोकळीत तोच मस्तिष्क-मेरुद्रव खेळतो. कवटीतील दाब वाढला की हे आवरण फुगते व ते नेत्रगोलाच्या लगत सर्वाधिक ताणले जाते. म्हणून मिटलेल्या पापणीवर जेल लावून, ७.५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारतेचा प्रोब हलकेच टेकवतात आणि नेत्रगोलाच्या मागे ३ मिलिमीटर अंतरावर व्यास मोजतात. दोन्ही डोळ्यांची मोजमापे घेऊन सरासरी काढतात. ध्वनिलहरींची तीव्रता डोळ्यासाठी ठरवलेल्या मर्यादेत ठेवावी लागते आणि नेत्रगोल फुटल्याची शंका असल्यास ही तपासणी टाळतात.

सुमारे ५ मिलिमीटरपर्यंतचा व्यास सामान्य समजला जातो. वाढलेल्या दाबाची सीमारेषा मात्र निरनिराळ्या अभ्यासांत ५ ते ६ मिलिमीटरच्या दरम्यान कोठेही आढळते. शस्त्रक्रियेतील वाढ बहुधा मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. पडद्यावरील खूण किंचित सरकली तरी तेवढा फरक पडू शकतो. त्यामुळे एकाच आकड्यावर विसंबण्यापेक्षा वायू भरण्यापूर्वीचे, भरल्यानंतरचे आणि वायू काढून घेतल्यावरचे त्याच रुग्णाचे आकडे ताडून पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

अन्य पद्धती

रून आस्लिड यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या डॉपलर पद्धतीत कानशिलाच्या पातळ हाडातून मेंदूच्या धमनीतील रक्तप्रवाहाचा वेग मोजतात. काही रुग्णांत, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, हाडातून लहरी पुरेशा जात नाहीत. शिवाय कार्बन डायऑक्साइड व रक्तदाब बदलला की वेगही बदलतो आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नेमके हेच दोन्ही बदलत असतात. ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ सेर्जिओ मास्कारेन्यास यांनी कवटीचा अतिसूक्ष्म प्रसार टिपणारा संवेदक विकसित केला. स्वतःला मेंदूत पाणी साठण्याचा विकार जडल्यावर ते या कामाकडे वळले होते.

दाब वाढल्याचे दिसल्यास

प्रथम पोटातील वायूचा दाब आणि टेबलाचा उतार कमी करतात, श्वसनयंत्राची गती वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात, मान सरळ ठेवतात. गरज पडल्यास मॅनिटॉलसारखे औषध देतात. तेवढ्यानेही न भागल्यास दुर्बीण बाजूला ठेवून नेहमीप्रमाणे पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करण्याचा निर्णय शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ मिळून घेतात.

भारतातील कायदा

सोनोग्राफी यंत्र हलवता येण्याजोगे असल्याने शस्त्रक्रियागृहात ते सोयीचे पडते. मात्र गर्भलिंग ओळखण्याची क्षमता असलेले कोणतेही यंत्र नोंदणी नसलेल्या केंद्राला वा व्यक्तीला विकता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा असून त्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली. त्यामुळे केवळ डोळा पाहण्यासाठी भूलतज्ज्ञाने यंत्र वापरले, तरी त्या यंत्राला नोंदणीचे नियम लागू होतात.