माया शिट्ट्यांचा आवाज, पण सूर कोणाचा?

१२ जुलै १५६२. युकातानमधील मानी या गावी फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदा याने माया लोकांच्या पोथ्या अग्नीच्या स्वाधीन केल्या. आज जगात जेमतेम चार माया पोथ्या उरल्या आहेत. वाचून वाजवता येईल असे स्वरलेखन त्यांपैकी एकीतही नाही.

दैवदुर्विलास असा, की माया वाद्यांचे मोलाचे वर्णन याच लांदाच्या लेखणीतून उतरले आहे: रबर लावलेल्या काठीने वाजवायचा पोकळ लाकडी ढोल, तळहाताने बडवायची कासवाची पाठ, हरणाच्या हाडाच्या शिट्ट्या, टोकाला भोपळा जोडलेले लांब कर्णे. आठव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेल्या बोनाम्पाकच्या भित्तिचित्रांत असे कर्णे फुंकणारे वादक दिसतातही. परंतु दमट अरण्यात लाकूड टिकत नाही. भाजलेली माती टिकते. म्हणून आपल्या हाती आल्या त्या प्रामुख्याने मातीच्या शिट्ट्या आणि ओकारिना, कित्येक माणसांच्या वा प्राण्यांच्या आकाराच्या. हाइना बेटावरील दफनांतल्या सुबक मूर्तींपैकी अनेक वस्तुतः शिट्ट्याच आहेत.

मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या संग्रहातील अशा माया सुषिर वाद्यांची ध्वनिमुद्रणे 'डेबिट' या नावाने संगीत रचणाऱ्या दिलिया बियात्रिस यांनी घेतली, त्यांच्या ध्वनीचे विश्लेषण करून यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने डिजिटल वाद्ये घडवली आणि २०२२ मध्ये 'द लाँग काउंट' हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा अल्बम प्रसिद्ध केला. शीर्षक माया दीर्घगणनेवरून. त्या कालगणनेचा आरंभ इ.स.पू. ३११४ मधला.

मग यात प्राचीन नेमके काय? वाद्याचा पोकळ गाभा व छिद्रे ध्वनीचा पोत ठरवतात. तो पोत बऱ्याच अंशी खरा मानता येतो. मात्र शिट्टीचा स्वर फुंकीच्या जोरानुसार चढतो-उतरतो, आणि फुंक आजच्या माणसाची आहे. स्वरांचा क्रम, लय, प्रसंग यांतले काहीच मातीत साठत नाही. 'डेबिट'चा अल्बम जुन्या संगीताच्या पुनर्निर्मितीचा आव आणत नाही, हे त्याचे मोठेपण. चार शिट्ट्यांचे नमुने एकत्र करून त्यांवर 'अस्सल माया संगीत' अशी चिठ्ठी डकवणे सोपे असते.

शिवाय या चिठ्ठीत माया लोक जणू नामशेष झाले आहेत, असे गृहीत धरलेले असते. ते झालेले नाहीत. ग्वातेमालातील राबिनाल येथे पंधराव्या शतकात आकाराला आलेले 'राबिनाल आची' हे नृत्यनाट्य आजही दर जानेवारीत सादर होते, आणि त्याच्या साथीला लाकडी ढोल व कर्णे असतात.