नाव विकणारे शहर जामीन राहते

महापालिकेच्या मालकीच्या क्रीडागृहाला पैसे घेऊन एखाद्या कंपनीचे नाव द्यावे का, या प्रश्नाचे उत्तर आज बहुतेक ठिकाणी चर्चेआधीच ठरलेले असते. द्यावे. युक्तिवाद ऐकताक्षणी पटण्यासारखा आहे. इमारत जागची हलत नाही, मालकी बदलत नाही, खेळ तोच राहतो. दारावरची चार अक्षरे बदलतात आणि त्यांच्या मोबदल्यात वर्षाला काही कोटी येतात. त्यातून गळके छत दुरुस्त होते, करदात्याचा भार थोडा हलका होतो. नावाला उत्पादनखर्च नाही; विकले नाही तर ते नुसतेच पडून राहणार. मग हरकत कसली?

या पूर्वपक्षाच्या पाठीशी अर्धशतकाचा अनुभवही आहे. अमेरिकेत बफेलोजवळ एरी काउंटीने बांधलेल्या फुटबॉलच्या मैदानाला रिच या खाद्यपदार्थ कंपनीचे नाव १९७३ पासून २५ वर्षांसाठी मिळाले, १५ लाख डॉलरना. म्हणजे वर्षाला साठ हजार. कंपनी टिकली, करार मुदतीपर्यंत चालला, कोणाचे काही बिघडले नाही. पुढे या व्यवहारांचे आकडे फुगत गेले, पण तर्क तोच राहिला. जपानमध्ये २००३ साली तोक्यो स्टेडियमला अजिनोमोतोचे नाव लागले आणि मग तिथल्या नगरपालिकांनी सभागृहे, संग्रहालये, पादचारी पूल, अगदी सार्वजनिक स्वच्छतागृहांचीही नावे विकायला काढली.

याला विरोध करणारे सहसा भावनेचा आधार घेतात. मैदानाच्या नावात शहराचा आत्मा असतो, तो विकू नये, असे त्यांचे म्हणणे. हा विरोध मला पुरेसा वाटत नाही. एक तर जुनी नावे आकाशातून पडलेली नसतात. त्यांतली कित्येक त्या त्या काळच्या सत्ताधाऱ्यांनी आपल्या माणसांसाठी लावलेली असतात. शिवाय भावना निवडणुकीगणिक बदलते. सॅन फ्रान्सिस्कोचे कँडलस्टिक पार्क शहराच्या मालकीचे होते. बीटल्सचा शेवटचा तिकीट लावून झालेला कार्यक्रम १९६६ साली तिथे झाला, आणि १९८९ च्या भूकंपाने वर्ल्ड सिरीजचा सामना थांबवला तोही तिथलाच. १९९५ मध्ये त्याला थ्रीकॉमचे नाव लागले, नंतर २००४ मध्ये मॉन्स्टरचे. ही मॉन्स्टर तारा आणि केबली बनवणारी कंपनी होती. लोकांनी मात्र ती नोकऱ्यांची जाहिरात करणारी त्याच नावाची दुसरी कंपनी समजली. त्याच वर्षी मतदारांनी कौल दिला की चालू करार संपला की मैदान कायमचे कँडलस्टिकच राहील. २००९ मध्ये त्याच शहराच्या मतदारांनी ती बंदी उठवली. आत्म्याचा प्रश्न पाच वर्षांत उलटा सुटत असेल, तर त्याच्या आधारावर धोरण उभे राहत नाही.

तेव्हा भावना बाजूला ठेवून पूर्वपक्षाचे मूळ विधानच तपासू. 'नाव दिल्याने पालिकेचे काही जात नाही' हे ते विधान. यातला दोष शोधायचा तर आधी विचारले पाहिजे की कंपनी नेमके काय विकत घेते.

जागा घेते, असे म्हणता येणार नाही. त्याच इमारतीच्या भिंतीवर मोठा फलक तिला कितीतरी स्वस्तात मिळतो. फलकावर कंपनी स्वतःच्या तोंडाने बोलते आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असते. नाव मात्र इतरांच्या तोंडी जाते. वाहतूक पोलिसांची सूचना, वर्तमानपत्राची बातमी, तिकीट, बसचा थांबा, रिक्षावाल्याला सांगितलेला पत्ता या सगळ्यांत कंपनीचा उच्चार होतो, आणि उच्चारणाऱ्याला त्याचा एक पैसा मिळत नाही. डेन्व्हरचे नवे मैदान २००१ साली इन्व्हेस्को या गुंतवणूक कंपनीच्या नावाने उघडले, तेव्हा 'डेन्व्हर पोस्ट' या दैनिकाने ते नाव बातमीत छापायचे नाकारले. मालक कोण आणि विकत घेणारा कोण हे करारात स्पष्ट होते. पण आपल्या बातमीची जागा त्या करारात गृहीत धरली आहे, हे संपादकांच्या लक्षात आले असावे.

फलक आणि नाव यांच्या किमतीतला फरक हा या उसन्या तोंडांचा मोबदला आहे. सार्वजनिक इमारतीच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. महापालिकेने आपल्या दारावर ज्याचे नाव लावले तो माणूस बरा असणार, हे गृहीतक. सामान्य नागरिक कंपनीचा ताळेबंद वाचत नाही. तो दारावरचे नाव वाचतो. भाषा भाड्याची असली, तरी पालिका प्रत्यक्षात जामीन राहते. आणि जामीन राहणाऱ्याचे आज काही जात नाही हे खरेच. जायची वेळ नंतर येते.

ती कशी येते, हे मायामीत दिसले. तिथले बास्केटबॉलचे क्रीडागृह मायामी-डेड काउंटीच्या मालकीचे. १९९९ पासून वीसहून अधिक वर्षे त्यावर अमेरिकन एअरलाइन्सचे नाव होते. २०२१ मध्ये काउंटीने ते एफटीएक्स या क्रिप्टोचलनाच्या बाजारपेठेला १९ वर्षांसाठी १३.५ कोटी डॉलरना दिले. पूर्वपक्षाला याहून चांगले उदाहरण मागता आले नसते. पैशाचा मोठा वाटा संघाऐवजी थेट काउंटीकडे येणार होता आणि तो गोळीबाराच्या हिंसेने पोळलेल्या वस्त्यांतल्या कार्यक्रमांसाठी राखला होता. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी एफटीएक्सने दिवाळखोरी जाहीर केली. ग्राहकांचे अब्जावधी डॉलर अडकले. संस्थापकाला पुढे फसवणुकीसाठी २५ वर्षांची शिक्षा झाली. क्रीडागृहाच्या छतावर, खेळाच्या फरशीवर, पहारेकऱ्यांच्या सदऱ्यांवर मात्र तेच नाव. काउंटीला आपल्याच इमारतीवरून ते उतरवण्यासाठी डेलावेअरच्या दिवाळखोरी न्यायालयात जावे लागले. करार मोडायची परवानगी जानेवारी २०२३ मध्ये मिळाली.

ह्यूस्टनमध्ये याआधी हेच घडले होते. सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीच्या बेसबॉल मैदानाला एन्रॉनचे नाव १९९९ मध्ये ३० वर्षांसाठी, दहा कोटी डॉलरच्या घरात विकले गेले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन बुडाली. नाव काढायचे तर हक्क परत घ्यावा लागणार होता, कारण तो आता बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेचा भाग झाला होता. ॲस्ट्रोज संघाने २१ लाख डॉलर मोजून तो सोडवला. पैसे घेऊन दिलेले नाव पैसे देऊन परत आणावे लागले. तेही अशा कंपनीकडून, जिचे नाव फुकटसुद्धा कोणी लावले नसते.

सिएटलची गोष्ट कमी नाट्यमय आहे, पण तितकीच बोलकी. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या आणि पुढे शहराच्या मालकीच्या झालेल्या क्रीडागृहाला १९९५ मध्ये कीकॉर्प या बँकेने दीड कोटी डॉलरच्या करारात आपले नाव दिले. २००८ मध्ये बास्केटबॉलचा संघ ओक्लाहोमा सिटीला निघून गेला. बँकेने रक्कम कमी करून घेतली आणि २०१० अखेर करार संपवला. तरीही २०१८ मध्ये इमारत नूतनीकरणासाठी बंद होईपर्यंत लोक तिला 'की अरीना'च म्हणत होते आणि अधिकृत नावही तेच होते. पैसे थांबले, जाहिरात चालू राहिली.

यावर पहिली शंका अशी की हे अपवाद आहेत. शेकडो करार सुरळीत चालतात; बुडणाऱ्या चार कंपन्या दाखवून नियम सिद्ध होत नाही. संख्येचा विचार केला तर हे बरोबर आहे. पण बुडालेली नावे पाहा: एन्रॉन, एफटीएक्स, बाल्टिमोरच्या मैदानावरची पीएसआयनेट, नॅशव्हिलची अडेल्फिया. यांत योगायोगापेक्षा अधिक काही आहे. लिलावात सर्वांत मोठी बोली कोण लावतो? ज्याला प्रतिष्ठेची सर्वांत जास्त गरज आहे तो. शंभर वर्षे जुन्या साबणाच्या कंपनीला शहराच्या साक्षीची फारशी निकड नसते. काल जन्मलेल्या, उद्या काय होईल हे ठाऊक नसलेल्या, पण आज हाती परक्यांचा पैसा खुळखुळणाऱ्या कंपनीला ती असते. 'जास्त दर देणाऱ्यास काम' हा नियम भंगार विकताना ठीक आहे. जामीन राहताना तोच नियम लावला तर सर्वांत धोकादायक ऋणको आपोआप निवडला जातो.

जपानच्या मियागी प्रांताला हे लागोपाठ दोनदा भोगावे लागले. प्रांताच्या मालकीच्या बेसबॉल मैदानाला फुलकास्ट या कंत्राटी कामगार पुरवणाऱ्या कंपनीचे नाव होते. कायद्याने मनाई असलेल्या कामांवर मजूर पाठवल्याबद्दल २००७ मध्ये सरकारने तिच्यावर कारवाई केली आणि नाव उतरले. त्याच्या जागी कागद बनवणारी निप्पॉन पेपर आली. २००८ च्या जानेवारीत, करार ताजा असतानाच, पुनर्वापराच्या कागदाचे प्रमाण तिने खोटे सांगितल्याचे उघड झाले. मग मैदानाच्या नावातून कंपनी वगळून तिचे टिश्यूचे 'क्लीनेक्स' हे नाव तेवढे ठेवले. या दोन्ही कंपन्या बुडाल्या नाहीत. म्हणजे जामिनाचा धोका दिवाळखोरीपुरताही मर्यादित नाही.

दुसरी शंका अधिक टोकदार आहे. मायामीला शेवटी काय तोटा झाला? एप्रिल २०२३ मध्ये कासेया या सॉफ्टवेअर कंपनीने तेच नाव १७ वर्षांसाठी ११.७४ कोटी डॉलरना घेतले. हिशेब मांडला तर आधीचा करार वर्षाला साधारण ७१ लाखांचा होता, नवा ६९ लाखांचा. काउंटीच्या तिजोरीला जेमतेम ओरखडा गेला. हे मान्य केलेच पाहिजे. पण तिजोरीला ओरखडा गेला नाही म्हणून कोणालाच गेला नाही, असे होत नाही. ज्या काळात काउंटीच्या छतावर ते नाव झळकत होते, त्या काळात आपली पुंजी तिथे ठेवणाऱ्यांचा हिशेब काउंटीच्या खातेवहीत येतच नाही. जमा पालिकेच्या खात्यावर आणि जोखीम नागरिकाच्या खात्यावर, अशी ही विभागणी आहे.

यावर पूर्वपक्षी म्हणेल की क्रीडागृहाच्या नावावर विसंबून कोणी पैसे गुंतवत नाही. लोक एवढे भोळे नसतात. इथे तो उभयतःपाशात सापडतो. नावामुळे लोकांचा विश्वास खरोखर वाढत असेल, तर पालिका जामीन आहे आणि तिची जबाबदारी आहे. वाढत नसेल, तर कंपनी आपल्या भागधारकांचा पैसा उधळते आहे, आणि असा पैसा उधळणाऱ्या व्यवस्थापनाबरोबर वीस वर्षांचा करार करणे हेच अविवेकाचे आहे. दोन्हींपैकी कोणतीही बाजू धरली तरी 'काही जात नाही' हे विधान उभे राहत नाही.

महाराष्ट्रालाही हा धडा नवा नाही. पुण्याजवळच्या गहुंजे इथले मैदान पालिकेचे नाही, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे आहे. पण गणित तेच. सुमारे २०८ कोटींच्या करारावर त्याला सहाराच्या प्रमुखांचे नाव लागले. ठरलेले पैसे येईनात, प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०१३ मध्ये नाव झाकून मग बदलावे लागले. उद्या आपल्या महापालिका नाट्यगृहे आणि क्रीडासंकुले या बाजारात आणतील, तेव्हा त्यांच्यापुढे मायामीच्या आधी गहुंजे असले पाहिजे.

मग नाव विकूच नये का? माझे मत तसे नाही. व्यवहार जामिनाचा आहे हे मान्य केले की त्याचे नियम आपोआप सुचतात. बोलीआधी कंपनीचे लेखे आणि तिच्यावरचे खटले तपासावेत आणि दर हा निवडीचा एकमेव निकष नसावा. मुदत पाच-सात वर्षांपुढे नसावी. वर्षाची रक्कम आगाऊ घ्यावी, उरलेल्या रकमेला बँक हमी असावी. हप्ता चुकला, गुन्हा दाखल झाला किंवा नियामकाची कारवाई झाली तर नाव तत्काळ उतरवता येईल, असे कलम पहिल्या पानावर असावे; करार संपला की जुने नाव परत लागेल, हेही लिहून ठेवावे. आलेला पैसा दुरुस्तीसारख्या एकदाच्या खर्चाला लावावा, पगाराला किंवा चालू योजनेला नाही. नाहीतर कंपनीबरोबर योजनाही बुडते. आणि निर्णय सर्वसाधारण सभेत उघडपणे व्हावा. चौकाला नाव द्यायचे तर आपण ठराव मांडतो, भांडतो, सभात्याग करतो. क्रीडागृहाचे नाव मात्र निविदेच्या कागदांत हळूच बदलावे, हे विसंगत आहे.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गने तर वेगळीच वाट काढली. तिथले स्टेडियम शहराच्या मालकीचे. २००६ पासून त्याने दोन कंपन्यांची नावे वागवली. २०१७ मध्ये कॉन्सोर्सबँकेने नामहक्क घेतले, पण स्वतःचे नाव लावले नाही. चाहत्यांनी वर्गणीतून तीन लाख युरोंहून अधिक जमवले आणि मैदानाला माक्स मोरलॉकचे नाव मिळाले. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा पहिला गोल त्याने केला होता आणि सारी कारकीर्द त्याच शहराच्या क्लबात काढली होती. बँकेला प्रसिद्धी मिळाली, ती देणगीदार म्हणून. शहराने तिच्या भवितव्याची हमी घेतली नाही.

प्रत्येक शहराला असा खेळाडू आणि असे चाहते लाभतील असे नाही. पण कसोटी प्रत्येकाला लावता येते. पालिकेच्या आयुक्तांनी एका कागदावर लिहून द्यावे की या कंपनीशी व्यवहार करायला नागरिकांनी कचरू नये, आणि खाली सही करावी. ज्या कंपनीसाठी अशी सही करायला त्यांचा हात धजणार नाही, तिचे नाव दारावर लावायलाही धजू नये. मग तिची बोली कितीही मोठी असो.