टुटू आणि नऊवारी : नृत्यवेश व नर्तिकेचे श्रम

बॅलेतील 'टुटू' या घेरदार झग्याचा उगम सामान्यतः १८३२ साली पॅरिस येथे सादर झालेल्या 'ला सिल्फिद' या नृत्यनाट्याशी जोडला जातो. त्यात मारी ताल्योनी हिने पोटरीपर्यंतचा तलम, शुभ्र वेश परिधान केला होता. पुढे पदन्यास अधिक अवघड होत गेले व पायांची हालचाल स्पष्ट दिसावी म्हणून हा झगा आखूड होत गेला. तथापि हा वेश घातकही होता. अग्निरोधक प्रक्रियेने कापड कडक व निस्तेज होते, म्हणून एमा लिव्री हिने ते नाकारले. १८६२ मध्ये दिव्याच्या ज्योतीने झगा पेटला आणि १८६३ मध्ये तिचा मृत्यू झाला.

चाकणवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगाव हे तमाशाचे प्रमुख केंद्र होय. तेथील लावणी नर्तिकेची नऊवारी ही मुळात रोजच्या कष्टांत नेसली जाणारी साडी. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहत असल्याने नृत्यासाठी ती आखूड करावी लागली नाही. याच नऊवारीत विठाबाई नारायणगावकर नाचल्या. प्रयोग सुरू असताना प्रसूत होऊन त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, हे सर्वश्रुत आहे.

सारांश, नृत्यवेशाचा इतिहास केवळ सौंदर्यदृष्टीचा नसून तो वेश अंगावर वागविणाऱ्या स्त्रीच्या श्रमांचाही इतिहास आहे.