कोर्स संपला, उन्हाळी गेली नाही

लघवीला जळजळ झाली की गिरगाव-लालबागच्या जुन्या घरांत अजून ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. धन्या-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा होतो. उतार नाही पडला तर नाक्यावरच्या केमिस्टकडून अँटिबायोटिकची पट्टी येते. कोर्स संपतो, आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. या ‘पुन्हा तेच’मध्ये निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि चौघींवर एकच पट्टी चालत नाही.

दोन-तीन दिवसांत जळजळ हललीच नाही, तर औषध जंतूला लागू पडलेलं नसण्याची शक्यता मोठी. बहुतेक वेळा हा जंतू आपल्याच आतड्यातला ई. कोलाय असतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं आपल्याकडे इतकी खपली की तो त्यांना अनेकदा दाद देत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन मात्र त्याच्यावर बरीच टिकून आहेत. औषध लागू पडलं, पण दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू पुन्हा उगवला, तर त्याचा अड्डा शोधावा लागतो: मुतखडा, पुरती रिकामी न होणारी लघवीची पिशवी, पुरुषांत प्रोस्टेट. इथे पट्टी बदलण्याआधी सोनोग्राफी हवी.

तिसरी गोष्ट म्हणजे नवा संसर्ग, आणि बायकांमध्ये हाच अधिक. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला की त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. चाळीत त्याचं एक कारण डोळ्यांसमोर असतं. संडास सामाईक, गॅलरीच्या टोकाला. रात्री तिथवर जायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणीच कमी प्यायचं. दिवसा कामाच्या ठिकाणी आणि लोकलमध्ये तीच कथा. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ची, म्हणजे बायकांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहांची, मागणी झाली ती यासाठीच. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या 140 स्त्रियांपैकी ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, त्यांचे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. पाणी प्या म्हणणं सोपं. संडास स्वच्छ आणि जवळ नसेल तर तो सल्ला कोरडाच राहतो. पाळी गेल्यानंतर योनिमार्ग कोरडा पडूनही हे चक्र सुरू होतं. त्यावर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, पण लाजेपायी त्याचा विषय निघत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांत फसवी: जळजळ आहे, जंतू नाही. संसर्ग गेल्यावरही पिशवी काही दिवस हुळहुळी राहते. अँटिबायोटिकनंतर योनीत बुरशी वाढून खाज आणि जळजळ होते. आणि लघवीत पू-पेशी आहेत, पण कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याच्या तपासणीत, वारंवार काहीच उगवत नाही, तर आपल्या शहरात मूत्रमार्गाचा टीबी विसरता येत नाही. परळहून शिवडीचं क्षयरोग रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तरी टीबी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त खोकला येतो. टीबीच्या जंतूला साधं कल्चर पकडत नाही. लागोपाठ काही दिवसांचा सकाळचा पहिला नमुना लागतो. मधेच सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी क्विनोलोन गटातली गोळी घेतली तर टीबी अर्धवट दबतो आणि निदान लांबतं.

या चौघींना वेगळं करतं ते कल्चर, तेही नीट दिलं तर. पहाटे डबीत घेतलेला नमुना खिडकीत ठेवून दहाच्या सुमारास लॅबला पोचवला, तर वाटेतच जंतू वाढतात. अनुकूल स्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. मधल्या धारेचा नमुना घ्यावा आणि दोन तासांत पोचवावा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावा. लक्षणं नसताना केवळ ‘रिपोर्ट क्लिअर आहे का’ म्हणून कल्चर करू नये. गरोदरपण सोडलं तर तसे जंतू सापडले तरी सहसा उपचार लागत नाहीत.

आणखी एक. जळजळ शमवणारं क्षाराचं गोड सरबत डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. लघवी अल्कधर्मी झाली की नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर कमी होतो.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, गरोदरपण किंवा मधुमेह असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी जळजळ परतली की नवी पट्टी फोडण्याआधी नमुना द्या, आणि मागच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या.